चित्रपट-पुस्तिकांचें प्रामाण्य

ताम्रपट, सनदा, मोडी रुमाल व संस्कृत पोथ्या यांच्या संग्राहकांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. हा वर्ग जुन्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें, गाण्यांचीं चोपडीं, चित्रगृहाच्या दारांत लावावयाचीं छायाचित्रें व सिनेमाविषयक मासिकें जमवितो. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत जाणाऱ्या आमच्या वाचकांस तो अपरिचित नाहीं. असल्या वस्तु इतिहाससाधनांच्या पंक्तीस बसविणें म्हणजे देवघरांत गंजिफा मांडण्यासारखें आहे, असें त्यांतील कित्येकांस वाटत असेल. मलाही एके काळीं तसेंच वाटे. प्रस्तुत लेखाचा हेतु ह्या संग्रहाची भलावण करण्याचा नाहीं. संग्रह होत आहे व पुष्कळ होत आहे. परीक्षण मात्र होत नाहीं, ही तक्रार आहे. आणि तिच्यांत पहिला आरोपी प्रस्तुत लेखकच आहे, हें पुढें दिसून येईल.

विशाखदत्ताचें ‘देवीचन्द्रगुप्त’ नाटक आज समग्र उपलब्ध नाहीं. रामचन्द्र-गुणचन्द्रांच्या ‘नाट्यदर्पणां’त व भोजाच्या ‘शृंगारप्रकाशां’त उदाहरणादाखल घेतलेले त्याचे उतारे तेवढे राहिले, आणि त्या तुटक उताऱ्यांवरून गुप्तांच्या इतिहासांत रामगुप्ताचा सबंध प्रश्न उभा राहिला. ‘आलम आरा’ ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. अर्देशीर इराणी यांचा हा बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईंत मॅजेस्टिक चित्रगृहांत प्रथम दाखविला गेला. आज त्याची एकही प्रत कोठें असल्याचें ठाऊक नाहीं. कांहीं छायाचित्रें, जाहिराती व छापील पुस्तिका एवढ्यांवरून त्याची ओळख करून घ्यावी लागते. मूकपटांची गत तर याहूनही वाईट. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पडून राहिली तरी कुजते, ठिणगी पडतांच पेट घेते, आणि तिच्यांत रुपें असतें म्हणून रिळेंच्या रिळें तें काढून घेण्यासाठीं विकलीं गेलीं. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तेव्हां मूकपटांचा बहुतेक संसार आटोपलेला होता. पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून जें मिळविलें तें वांचलें. मूळ ग्रंथ गेल्यावर टीकेंतील अवतरणास मूळाचें मोल येतें; तसें तें दोन आण्यांच्या चोपड्यास आलें आहे.

मात्र हें अवतरण अपुरें असतें, आणि तेंही मुद्दाम. चोपड्यांत आरंभीं कलावंतांची व तंत्रज्ञांची नामावळी, मग कथासार, मग गाणीं, असा क्रम बहुधा आढळतो. कथासार ऐन रंगांत आलें असतां पुढील भाग पडद्यावर पाहावा अशी सूचना करून लेखक रजा घेतो. प्रेक्षकांस तिकीट काढावयास लावण्याची ही युक्ति. पण पडदाच नाहींसा झाल्यावर त्या कथेचा शेवटही त्याच्याबरोबर गेला. खंडित पोथी आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. कर्त्यानेंच शेवटचें पान राखून ठेविल्याचें उदाहरण संस्कृत वाङ्मयांत मला आठवत नाहीं.

ह्या क्षुल्लक कागदांवर केवढा भार पडतो, हें पहिला भारतीय चित्रपट कोणता ह्या वादावरून समजेल. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहांत ३ मे १९१३ रोजीं. फाळक्यांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ‘पुंडलिक’ हें रंगभूमीवरील नाटकाचें नुसतें चित्रण, छायालेखक परदेशी, व फिल्म धुण्याचें काम विलायतेंत झालेलें. तोरण्यांचा पक्ष तारखेवर बोट ठेवितो. दोघांनाही आधार मुख्यतः वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा. कारण ‘पुंडलिका’चें रीळ उरलेलें नाहीं. ‘हरिश्चंद्रा’चीं जीं रिळें आज दाखविलीं जातात, तीं १९१३ चीं कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां घेतलेल्या आवृत्तीचीं, याविषयींही अभ्यासकांत मतभेद आहे. म्हणजे वाचना निश्चित करण्याचा प्रश्न येथेंही आलाच. पोथीवाल्यांनीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. तींत शक, संवत्सर, तिथि, लेखनिकाचें नांव, क्वचित् पाठदुखीबद्दलची तक्रारही असते. चोपड्यास पुष्पिका नाहीं. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें नांव व छापण्याचें ठिकाण घालणें सक्तीचें केलें. छापल्याची तारीख घालण्याची सक्ति त्या कलमांत नव्हती. त्यामुळें बहुतेक चोपड्यांवर छापखाना सांपडतो, पण साल सांपडत नाहीं. संग्राहक काय करतो? चित्रपटाचें साल हेंच चोपड्याचें साल म्हणून पेन्सिलीनें लिहून मोकळा होतो. हें म्हणजे ज्ञानेश्वरीच्या प्रत्येक हस्तलिखितावर शके १२१२ लिहिण्यासारखें आहे. लोकप्रिय चित्रपट दहादहा, वीसवीस वर्षें पुन्हां पुन्हां लागत, आणि प्रत्येक खेपेस नवें चोपडें निघण्याचा संभव असे.

कालनिश्चितीचीं साधनें मात्र आहेत, आणि तीं अवघड नाहींत. किंमत नव्या पैशांत असेल तर तो कागद १ एप्रिल १९५७ पूर्वींचा नव्हे. त्या दिवशीं दशमान नाणीं सुरू झालीं, व ‘नवे’ हें विशेषण १९६४ सालीं अधिकृतपणें गळलें. उलट बाजूचें अनुमान तितकें बळकट नाहीं: आण्यांतील किंमत जुन्या साठ्यावर पुढेंही राहूं शकते. पत्त्यांत सहा आंकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ ही पूर्वमर्यादा. भित्तिपत्रकावर ‘यूए’ असें प्रमाणपत्र असेल तर तें १९८३ च्या अलीकडचें. प्रभातच्या कागदावर कंपनीचा पत्ता कोल्हापूरचा असेल तर कंपनी १९३३ सालीं पुण्यास येण्यापूर्वींचा काल प्रथम विचारांत घ्यावा. केवळ तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचें बोधचिन्ह पाहून काल ठरवूं नये, कारण तें दोन्हीं ठिकाणीं चालू होतें. बाबूराव पटेल यांचें ‘फिल्मइंडिया’ १९३५ सालीं निघालें. त्यांतील जाहिराती ताडून पाहाव्या. ह्यांत विद्वत्तेचा प्रश्न नाहीं. कागद उलटून पाहण्याचा आहे.

आणि येथेंच आमचे संग्राहक घोटाळा करितात. मुखपृष्ठ सुंदर, म्हणून तें कापून कांचेंत बसवितात; मलपृष्ठावर साबणाची किंवा विडीची जाहिरात, म्हणून तें टाकून देतात. मुद्रकाचें नांव, किंमत व वितरकाचा पत्ता बहुधा त्या टाकलेल्या पानावर असतो! एका विक्रेत्याकडे मीं जुन्या मासिकांचीं केवळ मुखपृष्ठें गठ्ठ्यानें पाहिलीं. आंतील मजकुराचें काय केलें असें विचारतां, तो रद्दींत दिल्याचें त्यानें सहज सांगितलें. ताम्रपटावरची मुद्रा ठेवून पत्रा मोडींत घालण्याचा हा प्रकार होय. बनावट मालाविषयीं फार लिहीत नाहीं. जुन्या शिळाछापाच्या भित्तिपत्रकावर भिंग धरिलें तर रंगाचा अनियमित कण दिसतो; हल्लींच्या छपाईंत ठराविक जाळीचे ठिपके दिसतात, मग कागद चहाच्या पाण्यांत कितीही भिजवून पिवळा केलेला असो. भिंग प्रत्येक संग्राहकाच्या खिशांत असतें. तें बाहेर काढण्याचा संकोच वाटतो, कारण पैसे आधींच देऊन झालेले असतात.

भाषेविषयीं एक सूचना. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालीं मराठी व हिंदी अशा दोन्हीं भाषांत निघाला. अशा चित्रपटांचीं दोन भाषांतील चोपडीं एकाच नोंदीखालीं घालूं नयेत. तसेंच ‘संत तुकाराम’ (१९३६) ह्या चित्रपटांतील एक अभंग पुष्कळ भाविक तुकोबांचाच समजून म्हणतात. तो शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचिलेला आहे. गाथेंत प्रक्षेप कसा शिरतो, याचें असें डोळ्यांदेखत घडलेलें उदाहरण आम्हांस दुसरें कोणतें मिळणार? शंभर वर्षांनीं कोणी संपादक ह्या अभंगाची परंपरा शोधूं लागेल, तेव्हां त्याचा रस्ता देहूवरून नव्हे, प्रभातच्या कागदपत्रांवरून जाईल.

परीक्षणपूर्वक संग्रह केल्यास काय साधतें, याचा दाखला कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनीं ‘हिंदी फिल्म गीत कोशा’नें घालून दिला आहे. वर्षवार, चित्रपटवार, गीतवार नोंदी असलेला तो कोश पाहिला म्हणजे अशा चोपड्यांस रद्दी म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. तशा तोलाचें काम मराठी चित्रपटांच्या पुस्तिकांवर व्हावयास हवें. त्यास लागणारा माल आमच्या संग्राहकांच्या कपाटांत कुलपाआड आहे, आणि कुलूप उघडतें तें गिऱ्हाइकासाठीं, अभ्यासकासाठीं नव्हे.

आतां स्वतःची गोष्ट. बारा वर्षांपूर्वीं एका जुन्या मराठी संतपटाच्या चोपड्यावर मीं एक टिपण वाचिलें व तें पुढें छापून आलें. चोपडें मीं चित्रपटाच्याच सालचें धरिलें होतें. त्यांतील नामावळींत एका सहाय्यकाचें नांव नव्हतें. तेवढ्यावरून, त्यानें त्या चित्रपटावर काम केल्याची जी समजूत त्याच्या घरांत चालत आली होती, ती निराधार आहे असें मीं लिहिलें. त्याच्या कन्येनें मला पत्र पाठवून, आपल्या वडिलांनीं त्या कामाच्या आठवणी जन्मभर सांगितल्या, असें नम्रपणें कळविलें. मीं उत्तरीं लेखी पुरावा मागितला. शाळेंत चाळीस वर्षें मुलांचीं उत्तरें तपासल्यानें जी एक लकब हाताला लागते, तिनें तें उत्तर लिहिलें होतें.

गेल्या पावसाळ्यांत दमटपणानें त्या चोपड्याच्या मलपृष्ठावरील कागदी पट्टी सुटली. ती कोणी पूर्वींच्या मालकानें फाटलेली कड सांधण्यासाठीं चिकटविली असावी. पट्टीखालीं किंमत निघाली: १५ नवे पैसे. म्हणजे चोपडें १९५७ नंतरच्या पुनःप्रदर्शनाचें. चार पानांत बसविण्यासाठीं नामावळी खालून छाटलेली. मूळ चोपड्याचा शोध मीं लगेच सुरू केला. ओळखीच्या एका संग्राहकाकडे त्याचें मुखपृष्ठ मिळालें, उत्तम स्थितींत, सोनेरी चौकटींत. आंतील पानें नाहींत.

त्या सहाय्यकाचें नांव मूळ नामावळींत होतें कीं नाहीं, हें मला आज सांगतां येत नाहीं; नव्हतें असें म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, एवढें सांगतां येतें. माझ्या टिपणांतील तो निष्कर्ष मीं मागें घेत आहें. तो दोन ठिकाणीं उद्धृत झालेला माझ्या पाहण्यांत आहे. त्या लेखकांस मीं स्वतंत्र पत्रें लिहिलीं आहेत. कन्येसही लिहिलें होतें. तें पत्र, त्या वारल्याचें पोस्टमननें लिहून, परत आलें.