गिबेर आणि मित्राचें ऋण

लेखकानें सत्य सांगावें हें खरें. पण तें सत्य दुसऱ्याचें असेल तर? एर्व्हे गिबेर (१९५५-१९९१) या फ्रेंच लेखकाचें चरित्र व वाङ्मय पाहूं लागलें कीं हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

गिबेर स्वतः छायाचित्रकार होता, व १९७७ पासून १९८५ पर्यंत पॅरिसच्या ‘ल मोंद’ या दैनिकांत छायाचित्रकलेवर टीकालेखन करीत असे. १९८१ च्या ‘लिमाज फांतोम’ म्हणजे ‘भासमान प्रतिमा’ या पुस्तकांत त्यानें आपल्या आईच्या छायाचित्राची हकीकत सांगितली आहे. तिची नेहमींची केशरचना मोडून, मोठ्या ममतेनें त्यानें तें घेतलें. परंतु फिल्म नीट बसलीच नव्हती, आणि हातीं कांहींच आलें नाहीं. त्या न उमटलेल्या चित्राच्या जागीं त्याचा निबंध उभा राहिला. जें निसटलें तें शब्दांनीं राखावें, ही त्याच्या लेखनाची मूळ प्रेरणा होय.

१९८८ सालीं आपणांस एच्. आय्. व्ही. ची बाधा झाल्याचें त्यास कळलें. एड्सला आवर घालणारी संयुक्त औषधयोजना १९९६ च्या सुमारास आली. गिबेरच्या हयातींत ती नव्हती. १९९० मध्यें ‘ज्या मित्रानें माझे प्राण वांचविले नाहींत त्यास’ अशा अर्थाच्या नांवाची त्याची कादंबरी निघाली. नांवांतला मित्र म्हणजे लशीची आशा दाखवून ती पुरी न करणारा एक इसम. पण गाजावाजा झाला तो म्यूझिल या दुसऱ्या मित्राच्या पात्रावरून. हा म्यूझिल म्हणजे १९८४ सालीं एड्सनें वारलेला तत्त्वज्ञ मिशेल फूको, हें वाचकांनीं तत्काळ ओळखलें. फूकोनें आपला आजार लोकांपुढें मांडला नव्हता. मित्राच्या मृत्युशय्येपासून घरीं परतून त्याच्या यातनांचें टिपण करणें हा विश्वासघात नव्हे काय?

कादंबरींतील निवेदकाचें समर्थन असें कीं, मित्राच्या यातनांत आपण आपलेंच भवितव्य लिहीत होतों. हें समर्थन पोकळ नाहीं. पुढें गिबेरनें स्वतःचा झिजलेला देहही तितक्याच निष्ठुरपणें कॅमेऱ्यापुढें उघडा केला. तो चित्रपट त्याच्या निधनानंतर १९९२ च्या जानेवारींत फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. दृष्टि जाऊं लागली असतां रुग्णालयांत लिहिलेल्या रोजनिशींतही त्यानें स्वतःस सवलत दिलेली नाहीं.

तथापि स्वतःस उघडें करण्याचें धैर्य म्हणजे दुसऱ्यास उघडें करण्याचा परवाना नव्हे. मृतास संमति विचारतां येत नाहीं. म्हणूनच हें ऋण फिटलें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ज्या रोगाचें नांव घेण्यास पुष्कळ घरांतून लोक कचरत, त्या रोगानें मरणाऱ्या माणसास त्यानें चेहरा, राग व विनोदबुद्धि परत दिली, हेंही मान्य केलें पाहिजे. हा ग्रंथ निर्दोष नाहीं. पण तो वाचल्यावर रोग्याकडे पाठ फिरविणें पूर्वींइतकें सोपें राहत नाहीं.