उच्चारांचे सोंग : ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’तील विनोद

आईवडिलांची लाज वाटणे हा विनोदी वाङ्मयाचा जुनाच विषय. हनीफ कुरेशी यांच्या ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ (१९९०) या इंग्रजी कादंबरीत मात्र या लाजेला वर्णाचा आणि साम्राज्याच्या इतिहासाचा संदर्भ आहे. निवेदक करीम हा मुंबईहून इंग्लंडला गेलेल्या हारूनचा व मार्गारेट या इंग्रज स्त्रीचा मुलगा. काळ १९७०च्या दशकातला. स्थळ दक्षिण लंडनची उपनगरे.

सरकारी कचेरीत कारकुनी करणारा हारून जन्माने मुसलमान. तरीही सुखवस्तू इंग्रजांच्या दिवाणखान्यांत तो पौर्वात्य ज्ञानाचा गुरू म्हणून बसू लागतो. त्यासाठी, वर्षानुवर्षे प्रयत्नपूर्वक पुसत आणलेली आपल्या बोलण्यातील भारतीय ढब तो पुन्हा घोटून घेतो. इकडे मेव्हणीच्या घरी त्याला ‘हॅरी’ म्हणतात. एका घरी त्याचे भारतीयत्व झाकायचे, तर दुसऱ्या घरी ते वाढवून दाखवायचे. खुद्द हारूनची गरज कोणत्याच घरी नाही. या कादंबरीतील विनोद या विसंगतीतून उगवतो.

मुलगा हे सोंग मिश्किलपणे न्याहाळतो. पण पुढे तेच त्याच्या वाट्याला येते. नट झालेल्या करीमला ‘जंगल बुक’च्या नाट्यरूपात मोगलीची भूमिका मिळते. दिग्दर्शक त्याच्या अंगाला तपकिरी रंग फासायला लावतो आणि इंग्लंडमध्येच वाढलेल्या या मुलाकडून भारतीय उच्चारांची अपेक्षा करतो. वडिलांनी सोंग आपणहून घेतले होते. मुलावर ते लादले जाते. प्रयोगात करीम मधूनच लंडनच्या कॉकनी बोलीत घसरतो. त्या क्षणी हसू नटाकडून वळून, ‘अस्सल’ भारतीय पाहू इच्छिणाऱ्या अपेक्षेवर येऊन पडते. वडिलांना हसणारा मुलगा त्यांच्या पंक्तीला बसतो, आणि उपहासाचे रूपांतर नकळत समजुतीत होते.

या विनोदाला एक मर्यादाही आहे. हारूनचे गुरुपद त्याला ईव्हा या स्त्रीच्या घरी नेते आणि संसार मोडतो. मार्गारेटकडे चढवायला कोणताच मुखवटा नाही. म्हणून हास्याच्या या व्यवहारात तिला भूमिकाही नाही. तिचे दुःख कादंबरीत दिसते, परंतु फारसे बोलत नाही. मुखवट्यांवर उभा असलेला विनोद मुखवटा नसलेल्या माणसापाशी अडखळतो, हे या कादंबरीचे उणेपण खरे. पण तिच्या हसण्याची किंमत वाचकाला कळते, ती तिथेच.