दोन दुकानांमधली जागा : आधुनिकतावादी मॉलच्या पुनर्रचनेचा एक विचार

कोणत्याही वास्तूच्या पुनर्रचनेचे मूल्यमापन करू लागले म्हणजे टीकाकारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की त्या वास्तूतील कोणता अंश मूळचा व म्हणून रक्षणीय मानावयाचा? देवालयाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवले आहे. गाभारा जागच्या जागी ठेवून सभामंडप वाढविला तर तो जीर्णोद्धार. गाभाराच हलविला तर ते नवे देऊळ. हा भेद सामान्य भाविकालाही उमगतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत जो एक नवा वास्तुप्रकार जन्मास आला, आणि ज्यास आज आपण सर्वजण 'मॉल' म्हणून ओळखतो, त्याचा गाभारा कोणता? त्यातील दुकाने येतात आणि जातात. त्यांच्या पाट्या, काचा व दर्शनी सजावट काही वर्षांनी पालटावी, अशीच मुळात अपेक्षा असते. ज्या वास्तूचा धर्मच बदल हा आहे, तिच्या संबंधात मूळ पाठ आणि प्रक्षिप्त पाठ असा भेद करणे शक्य आहे काय?

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, की व्यापारासाठी उभारलेल्या इमारतीत रक्षणीय असे काही नसतेच. व्यापार सांगेल तसे तिने बदलावे. दुसरा पक्ष पहिल्या दिवसाची फरशी, दिवे, कठडे आणि अक्षरांची वळणे हीच ती वास्तू असे मानून त्यांच्या नाशाबद्दल हळहळतो. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. आधुनिकतावादी मॉलचा गाभारा दुकानांत नाही आणि फरशीतही नाही. दुकानांच्या मध्ये जी सामायिक, विनामूल्य वावरण्याची जागा असते, आणि त्या जागेशी दुकानांचे नाते बांधून देणारी जी शिस्त असते, त्या दोहोंत तो आहे. पुनर्रचनेची परीक्षा या एकाच कसोटीवर करावी, असे प्रतिपादन मी प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे करू इच्छितो.

या वास्तुप्रकाराचा प्रमुख प्रवर्तक म्हणून व्हिक्टर ग्रूएन यांचे नाव घेतले जाते. १९०३ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले हे वास्तुशिल्पी नाझी राजवटीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर १९३८ साली अमेरिकेत आले. ज्या नगरात त्यांची दृष्टी घडली तेथील रस्ता पायी चालणाराचा होता. कॉफीगृह, चौक आणि दुकान एकमेकांना लागून होते. नव्या देशात त्यांना दिसली ती मोटारींसाठी पसरत गेलेली उपनगरे आणि हमरस्त्याच्या कडेने वाढणारी दुकानांची बेशिस्त रांग. ज्या उपनगराला मध्यच नाही त्याला मध्य मिळवून द्यावयाचा, ही ग्रूएन यांची प्रतिज्ञा होती. दुकाने हे त्या कार्याचे साधन होते, साध्य नव्हते. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या रचनांचा अर्थ लागत नाही.

१९५४ साली डेट्रॉइटजवळच्या साउथफील्ड येथे उघडलेले नॉर्थलँड हे या प्रतिज्ञेचे पहिले मोठे फळ. मध्यभागी हडसन्स हे भव्य डिपार्टमेंट स्टोअर आणि त्याच्या भोवती बुटक्या इमारतींचे पुंजके, अशी त्याची मांडणी होती. या पुंजक्यांच्या मध्ये उघड्या आकाशाखाली चौक, बागा आणि आच्छादित पदपथ होते. ठिकठिकाणी शिल्पे होती. मार्शल फ्रेडरिक्स यांचे 'बॉय अँड बेअर' हे त्यांपैकी मुलांच्या विशेष आवडीचे. एका चौकातून दुसऱ्यात जाताना मोकळ्या जागेचे माप बदलत असे, आणि हा बदल हाच त्या रचनेचा प्राण होता.

१९७०च्या दशकाच्या मध्यास नॉर्थलँडवर छप्पर घालण्यात आले. तोवर बंदिस्त मॉल ही सर्वत्र रूढी झाली होती, आणि जुन्यांनीही ती स्वीकारावी हे व्यापाराच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. वरवर पाहता इमारती त्याच राहिल्या. परंतु ज्या जागेचा अर्थ आकाशामुळे सिद्ध होत होता तिच्यावर छप्पर येताच चौकांचे परिवर्तन मार्गिकांत झाले. पाठातील शब्द तसेच ठेवून विरामचिन्हे मात्र पुसून टाकावीत, तसा हा प्रकार होय. २०१५ साली नॉर्थलँड बंद पडले. त्याची कारणे अर्थातच वास्तुकलेपुरती मर्यादित नव्हती. डेट्रॉइट परिसराची आर्थिक पडझड आणि नव्या मॉलांची स्पर्धा यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे साउथफील्ड शहराने ती जागा विकत घेतली, आणि 'बॉय अँड बेअर' हे शिल्प तेथील सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन ठेवले. बाजाराच्या चौकात जे लोकांचे म्हणून वावरत होते, त्याला अखेर खऱ्या अर्थाने लोकांच्या मालकीच्या वास्तूत आश्रय मिळाला, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

बंदिस्तपणा हा स्वतःच दोष आहे, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. कारण याच ग्रूएन यांनी १९५६ साली मिनिआपोलिसजवळच्या ईडायना येथे साउथडेल उभारले, ते पहिल्यापासूनच बंदिस्त म्हणून कल्पिलेले होते. मिनेसोटातील हिवाळा अतिशय कडक. उघड्या चौकात माणसे वर्षातील फार थोडे दिवस सुखाने वावरू शकली असती. म्हणून ७२ दुकाने आणि डेटन्स व डोनाल्डसन्स ही दोन परस्परस्पर्धी स्टोअर्स एका छपराखाली आणली गेली, आणि आतील तपमान बाराही महिने सुमारे २४ अंश सेल्सियस राखण्याची योजना झाली. दुकाने दोन मजल्यांवर रचल्यामुळे चालण्याचे अंतर घटले; वाहनतळाच्या उतारांचा उपयोग करून दोन्ही मजल्यांवर सारख्याच सुलभतेने प्रवेश ठेवल्यामुळे वरचा मजला दुय्यम ठरला नाही. मालाच्या गाड्यांची वाट जमिनीखालून गेली. बाहेरच्या भिंती जवळजवळ मुक्या. सारा आविष्कार आतल्या बाजूस. आणि या आतल्या बाजूच्या केंद्रस्थानी वरून प्रकाश घेणारा एक उंच चौक, ज्यात झाडे, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, कॉफीगृह आणि हॅरी बर्टोया यांची सोनेरी वृक्षशिल्पे होती. दोन कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या या वास्तूत विक्रीस उपयोगी नसलेली एवढी मोठी जागा मुद्दाम मधोमध ठेवलेली होती, याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही.

तथापि, साउथडेलवर पहिल्याच वर्षी कठोर टीका झाली. १९५६ सालीच फ्रँक लॉइड राइट यांनी ते पाहून नापसंती व्यक्त केली. खेडेगावच्या रस्त्याचे दोष त्यांना या चौकात दिसले, गोडवा मात्र दिसला नाही. ही टीका अर्धीच खरी आहे. चौकाच्या रचनेविषयी ती अन्यायाची आहे. परंतु चौकाच्या भोवती जे होते त्याविषयी ती पुरेशी कठोर नाही. ग्रूएन यांच्या मूळ आराखड्यात ४६३ एकर भूमीवर घरे, शाळा, रुग्णालय, उद्यान आणि तळे यांनी युक्त अशी वसाहत होती, आणि मॉल हा तिचा केवळ मध्य होता. प्रत्यक्षात मध्य उभा राहिला. ज्याचा तो मध्य असावयाचा ते नगर मात्र झाले नाही. मॉलमुळे भोवतालच्या जमिनीचे भाव वाढले आणि ती तुकड्यातुकड्यांनी स्वतंत्रपणे विकसित होत गेली. १९६५ साली शेजारी रुग्णालय झाले, कचेऱ्याही झाल्या. पण प्रत्येक इमारत आपापल्या वाहनतळाच्या बेटावर. याला वास्तुशिल्पीही अंशतः जबाबदार आहे. हजारो मोटारींचा डांबरी समुद्र त्याने स्वतःच चौकाभोवती रेखाटला होता, आणि तो ओलांडून पायी येणाऱ्या नागरिकाची कल्पना करणे कोणालाही अवघडच होते.

या ठिकाणी एका आर्थिक कारणाचाही विचार अवश्य केला पाहिजे. १९५४ साली अमेरिकेच्या करविषयक कायद्यात बदल होऊन नव्या व्यापारी इमारतींचा घसारा प्रारंभीच्या वर्षांत जलद गतीने वजा करण्याची मुभा मिळाली. परिणामी जुनी इमारत जतन करण्यापेक्षा नवी उभारणे भांडवलदारास अधिक फायद्याचे झाले. मॉलांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांची नीट निगा राखण्याची प्रेरणा मात्र दुबळी राहिली. मॉलच्या पुनर्रचना बहुधा घाईच्या, वरवरच्या आणि आधीच्या रचनेविषयी बेफिकीर का असतात, याचे उत्तर केवळ अभिरुचीच्या ऱ्हासात शोधू नये. ते हिशेबाच्या वहीतही आहे. स्वतः ग्रूएन १९६८ साली व्हिएन्नास परतले, आणि १९७८ साली लंडन येथील एका भाषणात त्यांनी आपल्या नावावर जमा होणाऱ्या या संततीचे पितृत्वच नाकारले.

साउथडेलच्या पुनर्रचनांचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १९७२ साली एक तिसरे मोठे स्टोअर जोडले गेले. १९९० च्या सुमारास डेटन्ससाठी नवी इमारत झाली व जुन्या इमारतीत लहान दुकाने आली. चौकातील पिंजरा गेला, कॉफीगृह गेले. दुकानांच्या दर्शनी भागांवरील शिस्त सैल झाली. बर्टोया यांचे वृक्ष या फेरफारांतून टिकले, पण ज्या संघटनेचे ते केंद्र होते ती विस्कटल्यामुळे ते शोभेच्या वस्तूंसारखे दिसू लागले. माझ्या मते हाच या मॉलच्या वास्तुकलेचा खरा ऱ्हासकाळ होय, जरी त्या काळात व्यापार चांगला चालला असला तरी.

त्यानंतर मात्र एक अनपेक्षित वळण आले. २०१४ च्या सुमारास वाहनतळाच्या एका कोपऱ्यात भाड्याच्या घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. १९७२ चे स्टोअर २०१७ साली बंद होऊन पाडले गेले आणि त्या जागी २०१९ च्या डिसेंबरात मोठी व्यायामशाळा उघडली. किरकोळ व्यापाराची ओढाताण हे यामागचे उघड कारण. ग्रूएन यांच्याविषयीचा आदर नव्हे. तरीही परिणाम असा झाला, की मॉलच्या दारात प्रथमच माणसे राहू लागली, आणि खरेदीखेरीज अन्य हेतूने येणाऱ्यांची ये-जा वाढली. मूळ पाठाच्या अक्षरांशी कसलीही निष्ठा न ठेवता केलेला हा बदल मूळ आशयाच्या जवळ गेला. अर्थात तो नगर ठरत नाही. घरे महाग आहेत, रस्ते अजून मोटारीचेच आहेत. परंतु इमारतीचा एक भाग पाडला म्हणून हळहळणाऱ्या पक्षाला या उदाहरणाने आपली भूमिका पुन्हा तपासावी लागेल.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे डॅलस येथील नॉर्थपार्क. रेमंड नॅशर यांनी हॅरेल आणि हॅमिल्टन या वास्तुशिल्पी संस्थेकडून ते बांधविले व १९६५ साली उघडले. येथे बाहेरच्या भिंतीची पांढरी वीट आतही तशीच येते. जमीन घोटीव काँक्रीटची आहे. प्रकाश उंच झरोक्यांतून उतरतो. दुकानदाराने आपला दर्शनी भाग या विटेच्या चौकटीत बसविला पाहिजे, असा दंडक आहे. मध्यंतरीच्या जागेत कारंजी, वृक्षकुंड आणि नॅशर यांच्या संग्रहातील आधुनिक शिल्पे आहेत. २००६ साली मूळ संस्थेच्याच उत्तराधिकारी असलेल्या ऑम्निप्लॅनने हे मॉल जवळजवळ दुप्पट केले. तेव्हा तीच वीट वापरली गेली, आणि मूळ काटकोनी मांडणी पूर्ण चौकोन होऊन तिच्या मध्ये सुमारे १.४ एकरांची उघडी बाग आली. जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे पाहणाराला चटकन सांगता येत नाही. आणि तरी नवा भाग जुन्याची नक्कल वाटत नाही, कारण अनुकरण झाले ते नियमाचे, आकृतीचे नव्हे. पुनर्रचनेचा याहून समंजस नमुना या वास्तुप्रकारात मला दुसरा माहीत नाही.

परंतु या स्तुतीला एक मर्यादा घातली पाहिजे. नॉर्थपार्कची शिस्त टिकली ती त्याची सूत्रे एकाच कुटुंबाच्या हाती राहिली आणि त्या कुटुंबास कलेची जाण होती म्हणून. ज्या जागेचे लोकांचे म्हणून आपण कौतुक करतो, तिचे रक्षण अशा रीतीने एका मालकाच्या अभिरुचीवर अवलंबून राहते. तेथे कोणी बसावे, कोणी बसू नये, किती वेळ बसावे, हे ठरविण्याचा अधिकार नगरसभेला नाही. ग्रूएन यांना अभिप्रेत असलेला चौक नागरिकांचा होता. नॉर्थपार्कचा चौक पाहुण्यांचा आहे. आतिथ्य उत्तम असले तरी पाहुणा हा पाहुणाच.

तेव्हा आपली कसोटी अधिक नेमकी करता येते. मॉलच्या पुनर्रचनेत मधल्या जागेचे माप, प्रकाश आणि लय ही राखली गेली काय, हा पहिला प्रश्न; येथे नॉर्थलँड अनुत्तीर्ण आणि नॉर्थपार्क उत्तीर्ण होते. त्या जागेचा भोवतालच्या वस्तीशी संबंध वाढला की तुटला, हा दुसरा. येथे अलीकडचे साउथडेल, सारी विस्कळितता जमेस धरूनही, नॉर्थपार्कच्या पुढे जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वास्तुशिल्पी देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर देण्यास नगररचना, करकायदा आणि मालकीहक्क यांचा आधार लागतो, आणि तो मिळाला नाही म्हणूनच ग्रूएन यांची प्रतिज्ञा अपुरी राहिली.

अभ्यासकांना एक पद्धतीविषयक सूचना करून हा लेख संपवितो. मॉलचा नकाशा हाती घेतल्यावर प्रथम दुकाने नव्हे, तर त्यांच्यामधली जागा काळ्या शाईने भरावी. मग प्रत्येक पुनर्रचनेच्या वर्षाचा तसाच नकाशा काढून ते क्रमाने शेजारी शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येकावर त्या त्या वर्षी पायी येण्याच्या वाटाही दाखवाव्यात. कोणत्या वर्षी गाभारा हलला, हे मग छायाचित्रांच्या कोणत्याही संग्रहापेक्षा त्या काळ्या आकृतींवरून अधिक स्पष्टपणे वाचता येईल.