‘फँड्री’मधील वर्ग आणि समवयस्कांतील प्रतिष्ठा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

किशोरवयीनांची समवयस्कांतील प्रतिष्ठा व शैक्षणिक संपादन यांच्या चर्चेत जेम्स कोलमन यांचा १९६१ मधील अमेरिकी शाळांवरील ग्रंथ आधारभूत मानला जातो. तेथील मुलांत अभ्यासापेक्षा क्रीडानैपुण्याला अधिक मान असल्याचे त्यांनी दाखविले. हा मान प्रामुख्याने मिळविण्याचा होता. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील कैकाडी जब्याचे स्थान मात्र वर्गात शिरण्यापूर्वीच जातीने ठरविलेले आहे. शाळेलगत कुटुंबासह डुकरे पकडताना वर्गमित्रांनी केलेली टिंगल त्याच्यातील विद्यार्थीपणच हिरावून घेते. ही जाणीव हे चित्रपटाचे सामर्थ्य होय. पिऱ्याची मैत्री जब्याला आधार देते. तथापि अशी मैत्री वर्गातील उतरंड बदलू शकते काय, हा प्रश्न चित्रपट हाताळत नाही, ही त्याची मर्यादा.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न टाळता येत नाही. झरी जामणी, केळापूर, मारेगाव या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. कोलामी ही द्राविडी भाषा. शाळेची भाषा बहुधा मराठी. उच्चाराला वर्ग हसेल या भीतीने उत्तर येत असूनही गप्प राहणारे मूल ‘कच्चे’ ठरते. म्हणून गुणपत्रिका वाचण्यापूर्वी वर्गातील मौन वाचणे आवश्यक ठरते.