तेल खाणारे जीवाणू : धड्यातून निसटलेला प्राणवायू

२०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पाठ्यपुस्तकात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठात, समुद्रातील तेलगळतीवर एक छोटा परिच्छेद आहे. स्यूडोमोनास आणि अल्कॅनिव्होरॅक्स हे जीवाणू पिरिडीन व इतर रसायने नष्ट करतात, म्हणून तेलगळती साफ करण्यासाठी ते वापरतात, असा त्याचा आशय आहे. सूक्ष्मजीव म्हणजे केवळ रोगजंतू नव्हेत, हे मुलांना कळते, ही चांगली गोष्ट. शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते, हेही पुस्तक सांगते. तरीही विद्यार्थ्याच्या मनात उरते ते एवढेच : जीवाणू टाकले की तेल संपले. हे चित्र अपुरे आहे.

पहिला आक्षेप रसायनांबद्दल. पिरिडीनसारखी नत्रयुक्त संयुगे खनिज तेलात अगदी थोडी असतात. मुख्य भाग असतो तो हायड्रोकार्बनांचा. पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनांत बेंझीनही असते. आपल्याकडे त्याची मर्यादा आकारमानाने १ टक्का आहे. पण ते कर्करोगकारक आहे आणि पेट्रोलमधील इतर बहुतेक घटकांपेक्षा पाण्यात जास्त विरघळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे ‘तेल पाण्यावर तरंगते’ हे अर्धेच सत्य झाले.

दुसरा आक्षेप असा, की पुस्तकातले तेल फक्त समुद्रात सांडते. चेंबूरच्या विद्यार्थ्याला समुद्रातील गळतीपेक्षा रस्त्यावरचा पेट्रोल पंप जवळचा. शेजारी माहुलला १९५४-५५ पासून तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. टाकीला किंवा नळाला बारीक छिद्र पडले, तर पेट्रोल भरावातून आणि मुरुमातून झिरपत बेसॉल्टच्या भेगांत शिरते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, उन्हाळ्यात खाली जाते. तिच्याबरोबर वर-खाली होताना पेट्रोल मातीच्या कणांना चिकटून राहते आणि काही पाण्याखाली अडकते. तेथून ते वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. मातीत तेल खाणारे जीवाणू बहुधा आधीपासूनच असतात. कमी पडतो तो प्राणवायू, आणि काही वेळा नत्र व स्फुरद. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर नत्र-स्फुरदाचे खत देऊन तिथल्याच जीवाणूंना बळ दिले गेले.

प्राणवायूचा हिशेब वर्गात सहज करता येईल. पेट्रोलसाठी सोयीपुरते CH₂ असे सूत्र धरू. १४ ग्रॅम CH₂ जाळायला ४८ ग्रॅम प्राणवायू लागतो. १ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे त्याला सुमारे अडीच किलो प्राणवायू हवा. आपल्या हवामानात १ लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. म्हणजे १ लिटर पेट्रोलसाठी सुमारे ३ लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्च होईल! तेवढाच प्राणवायू जेमतेम ९-१० घनमीटर हवेत मिळतो. प्राणवायूविना नायट्रेट वा सल्फेटच्या आधारेही काही जीवाणू हे काम करतात, पण ते बरेच संथ चालते.

या हिशेबावरून सफाईची पद्धत उलगडते. आधी गळती थांबवायची. मग पाण्यावर साचलेले पेट्रोल उपसायचे. मातीतली वाफ पंपाने ओढून घ्यायची. नंतर जमिनीत व भूजलात हवा सोडून जीवाणूंना काम करू द्यायचे, आणि निरीक्षण विहिरींतले पाणी वर्षानुवर्षे तपासत राहायचे. जीवाणूंचा क्रम शेवटचा आहे. पुस्तकात मात्र तेच पहिले आणि एकटे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जीवाणू ते आधी खातात, प्राणवायू तिथेच संपतो आणि बेंझीन अधिक दूर जाऊ शकते.

हे सारे दहावीच्या पुस्तकात मावणार नाही, हे मान्य. पण ‘जीवाणूंना पुरेसा प्राणवायू व पोषणद्रव्ये मिळाल्यास’ एवढे शब्द घातले असते, तरी अर्थ बदलला असता. शिक्षकांनी ते स्वतः घालावेत. काचेच्या बरणीत वाळू घेऊन त्यात हळद कालवलेले गोडेतेल ओतावे. नळीने तळाशी पाणी सोडून पातळी वर-खाली करावी. तेलाचा पट्टा कसा पसरतो, ते मुलांना दिसेल. वर्गात पेट्रोल मात्र आणू नये.

उद्या कोणी ‘जीवाणू फवारले, जमीन स्वच्छ झाली’ असे सांगितले, तर या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत. गळती थांबली का? प्राणवायू कुठून आला? पाण्यातले बेंझीन आधी किती होते आणि आता किती आहे? धडा शिकवून हे प्रश्न सुचले नाहीत, तर मुलांना फक्त दोन अवघड लॅटिन नावे पाठ झाली, असे म्हणावे लागेल.