श्यामची लाज

मराठीत 'श्रावणबाळ' हा शब्द विशेषणासारखा वापरला जातो, आणि ज्याला तो लावला जातो त्याला पुढे बोलण्याची सोय उरत नाही. श्रावणाच्या कथेत आईवडिलांची तहान आहे, दशरथाचा बाण आहे, शाप आहे. कावड वाहणाऱ्याचा खांदा दुखला की नाही, याची वाच्यता नाही. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या मुलांविषयी आपल्याकडे बहुधा याच रीतीने लिहिले गेले आहे. म्हणूनच साने गुरुजींच्या 'श्यामची आई'तील पहिली रात्र आम्हांला वेगळी वाटते.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा आरंभ 'सावित्री-व्रता'ने होतो. आजारपणाने अशक्त झालेल्या आईला वडाच्या प्रदक्षिणा झेपत नाहीत. आपल्याऐवजी श्यामने त्या घालाव्यात, असे ती सुचविते. श्याम प्रथम नाही म्हणतो. लोक हसतील, याची त्याला लाज वाटते. लाज पापाची वाटावी, चांगल्या कामाची नव्हे, अशी आई समजूत काढते आणि तो जातो. या प्रकरणाचे रसग्रहण नेहमी आईच्या थोरवीपाशीच थांबते. आमच्या मते त्याचे वाङ्मयीन बळ त्या नकारात आहे. नकार गाळला असता, तर आणखी एक श्रावण तेवढा उरला असता.

अर्थात, आश्रमातील सोबत्यांना ही आठवण सांगणारा श्याम आता प्रौढ आहे. कृतज्ञतेने त्याची लाज पुष्कळशी धुऊन काढली आहे. पुस्तकाच्या अखेरीस आई अंथरुणाला खिळते, तेव्हा तो शिक्षणासाठी दूर असतो. घरी धाकटा पुरुषोत्तम असतो. शुश्रूषेचा भार सखूमावशी येऊन उचलते, हे खरे. पण त्या पोराने काय पाहिले, काय सोसले, हे त्याच्या तोंडून आपल्याला कळत नाही. ही उणीव आम्हांला मोठी वाटते.

या बाबतीत बायबलमधील तोबिताचा ग्रंथ अधिक जाणता आहे. अंध पित्याने दूरदेशी धाडलेल्या तरुण तोबियाला वाटाड्या मिळतो, आणि त्याची मजुरीही आधी ठरते : रोज एक द्राक्मा. (वाटाड्या देवदूत असल्याचे मागाहून कळते!) मुलाने एकट्याने जावे, असे तेथे कोणी गृहीत धरीत नाही.

धर्मग्रामातील आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेताना दार पुष्कळदा एखादी शाळकरी मुलगी उघडते. आजीच्या गोळ्यांच्या वेळा तिला तोंडपाठ असतात, शाळेचे वेळापत्रक नसते. तिच्या तोंडची कथा आम्हांला अद्याप वाचावयास मिळालेली नाही. राज्य शासनाच्या ६५ वर्षांवरील निराधारांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेलाही श्रावणबाळाचे नाव आहे. वेतन वृद्धांना मिळते, ते योग्यच, पण मुलाच्या वाट्याला येथेही नावच आले.

आमच्या शिक्षक वाचकांना एक सुचवावेसे वाटते. ही पहिली रात्र वर्गात वाचताना आईचे गुण लिहावयास सांगण्यापूर्वी श्याम प्रथम नाही का म्हणाला, हे विचारावे. आणि उत्तर देण्यास कोणते मूल कचरते, तिकडेही लक्ष असावे.