प्रेक्षकाच्या खुर्चीतून कसरत

अवघड गेम घ्यावा का, हा प्रश्न मला आता पलूसमध्येही विचारला जातो. विचारणारे बहुतेक आईबाप असतात. दिवाळीला पोराला लॅपटॉप घेतलेला असतो, पोराने एका गेमचं नाव काढलेलं असतं, आणि तो 'लई अवघड' आहे हेही कुणीतरी कानावर घातलेलं असतं. पोरगं त्यात तासन्‌तास अडकून पडेल की दोन दिवसांत कंटाळून सोडून देईल, आणि या दोहोंत बरं काय, हे त्यांना ठरवता येत नाही. सरसकट उत्तर माझ्याकडेही नाही. 'डार्क सोल्स' 2011 साली आला तेव्हापासून काही गेम अवघडपणाच्याच जोरावर खपतात. 'एल्डन रिंग'ने 2022 मध्ये तेच मोठ्या थाटात केलं. अवघडपणा हीच त्यांची जाहिरात. ती वाचून घ्यायचं ठरवणं सोपं आहे, आणि फसणंही.

म्हणून एकच गेम घेऊन बोलतो, तोही घरचा. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक'. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने तो केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड ही त्यामागची मुख्य नावं. 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांपुढे झोळी धरली, ती भरली नाही. पुढे एपिक गेम्सचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि 18 ऑगस्ट 2020 रोजी, सगळे घरात कोंडलेले असताना, गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला. बाकीच्या यंत्रांवर 15 ऑक्टोबरला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या पुरस्काराला त्याचं नामांकन होतं. पुण्यात तयार झालेला गेम तिथवर पोचला, याचं कौतुक करून मोकळं होता येईल. पण कौतुकाने गेम खेळण्याजोगा होत नाही.

गोष्ट साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही सर्कशीत वाढलेली अनाथ पोरं. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षसांची धाड पडते, मुलं पळवली जातात, त्यांत गोलूही जातो. राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, विष्णू शार्ङ्ग धनुष्य देतो, आणि महाबलासुरापर्यंतची वाट तिने स्वतः कापायची असते. दुर्गा आणि विष्णू वरून सगळं पाहत असतात आणि तिच्याविषयी आपसात बोलत राहतात. मूळ आवृत्तीत हे देव इंग्रजीत बोलतात. कुणी वडीलधारं माणूस शेजारी बसलं असेल तर त्याची थोडी समजूत काढावी लागते. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आणि देवांच्या तोंडची भाषा एकदाची देवळाजवळ आली.

नायिका राजकन्या नाही, शापित अप्सरा नाही, कसरतपटू आहे. ही निवड मला या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. आम्हा पलूसकरांना तर तिचं अप्रूप वाटायला आणखी एक कारण आहे. पलूसहून भिलवडी गाठायची, कृष्णेवरचा पूल ओलांडायचा, की अंकलखोप. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे या गावचे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोड्यांची जबाबदारी सांभाळणारा हा माणूस. मुंबईत इटलीच्या कियारिनीची सर्कस आली. हिंदुस्थानी लोकांना असं काही उभं करायला अजून पुष्कळ अवकाश आहे, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला आणि छत्र्यांना ते झोंबलं, असं सांगतात. 1880 मध्ये त्यांची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली. पुढे म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस गाजली. अवघड गोष्ट लोकांसमोर करून दाखवायची आणि त्यावर पोट चालवायचं, हा धंदा आमच्या कृष्णाकाठाला शंभर वर्षांहून जुना आहे. तेव्हा राजीचा अवघडपणा जोखायला सर्कशीचीच फुटपट्टी लावतो.

तंबूत खाली बसलेला माणूस नेमकं काय पाहतो? झुल्यावरची पोर एक दांडी सोडते, हवेत असते, दुसरी दांडी धरते. तिला हे येतं हे आपल्याला ठाऊक असतं, तरी त्या मधल्या क्षणी श्वास अडकतो. राजीच्या उत्तम जागा नेमक्या याच जातीच्या आहेत. अंगणासारखी मोकळी जागा, चारी बाजूंनी राक्षस, मध्ये एक खांब. नवखा माणूस पळतो, त्रिशूळ फिरवतो, मार खातो. मग कधीतरी लक्षात येतं की खांब शोभेचा नाही. राजी धावत जाऊन खांबाला झोंबते, त्याच्याभोवती गिरकी घेते आणि त्या गिरकीतून आलेला वार सभोवतालच्या सगळ्यांना आडवं करतो. भिंतीचंही तसंच: भिंतीवर चार पावलं चढायचं, उलटी उडी मारायची आणि वरून त्रिशूळ घेऊन कोसळायचं. इथे लढाई बळाची राहत नाही, जागा वाचण्याची होते. कुठे उभं राहायचं, कोणता खांब जवळ आहे, कोणता राक्षस आधी हात उचलतोय. राक्षस मारणं हे या मुलीचं काम नव्हतंच, तिला फक्त कसरत येते, आणि तीच तिचं शस्त्र होते. कथेत सांगितलेलं पात्र आणि बोटांखाली जाणवणारं पात्र इतकं एकजीव झालेलं फार थोड्या गेममध्ये दिसतं. या चकमकींत हरलं तरी राग येत नाही. खांब तिथेच होता, आपण उलट्या दिशेला पळालो, हे स्वच्छ दिसतं.

पण हाच गेम दुसरीकडे चिडवतो, आणि त्याचं कारणही त्याच्या सौंदर्यातच आहे.

राजीत कॅमेरा आपल्या हातात नाही. तो कुठून बघणार हे करणाऱ्यांनी ठरवून ठेवलं आहे, आणि मोठ्या नजरेने ठरवलं आहे. राजस्थानी धाटणीचे किल्ले, झरोके, पाण्याची कुंडं, पहाडी चित्रशैलीतून उचललेले रंग. कड्यालगत धावताना कॅमेरा मागे मागे सरकत जातो, राजी तिळाएवढी होते आणि मागे भव्य वास्तू, मूर्ती उभ्या राहतात. दुर्गेच्या राज्यात एक पोरकी मुलगी किती लहान आहे, हे एकाही संवादाशिवाय कळतं. हे दृश्य थांबवून भिंतीवर लावावं असं आहे. वाटेत भित्तिचित्रं लागतात, त्यांच्यापुढे उभं राहिलं की देव त्यांतल्या कथा सांगतात. कथेचा बराच भाग सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे जातो; कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना पडद्यामागचा तो दिवा लगेच ओळखीचा वाटेल. मंडलासारखी चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी मात्र सोपी आहेत. अवघड म्हणून ती कुणी मोजू नयेत. धाप टाकायला दिलेली जागा समजावी.

आता त्याच कॅमेऱ्याखाली उडी मारायची वेळ येते. कठडा नेमका कुठे संपतो? समोरची कड जवळ आहे की फक्त तशी दिसते? दूरवरून, तिरप्या कोनातून ते उमगत नाही. उडी चुकते, राजी दरीत जाते. लगेच जवळच परत उभी राहते, फार काही गमावत नाही, हे खरं. पण पडल्यावर मनात 'माझं चुकलं' येत नाही, 'मला दिसलंच नाही' येतं. लढाईतही पुढच्या प्रकरणांत गर्दी वाढते, कुणी चौकटीच्या काठावरून बाण सोडतो, आणि एकदा वार सुरू केला की राजी तो अर्ध्यात सोडून चटकन बाजूला होत नाही. बटण दाबलेलं असतं, अंग ऐकत नाही. तेवढ्यात फटका बसतो.

सर्कशीच्या भाषेत सांगायचं तर राजी आपल्याला प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवते आणि झुल्यावरचं काम करायला सांगते. प्रेक्षकाला लांबून बघण्यातच मजा असते. तंबू, दिवे, उंची, सगळं एका नजरेत. झुल्यावरच्या पोरीला यातलं काहीच नको असतं. तिला पुढची दांडी दिसली पाहिजे, बस्स. हा गेम करणाऱ्यांनी बहुतेक वेळा प्रेक्षकाची बाजू घेतली आहे. त्यामुळे तो दिसायला अप्रतिम झाला आणि काही जागी खेळायला आडमुठा.

हे दुसऱ्या तऱ्हेनेही करता येतं हे दाखवणारा गेम म्हणजे 'सेलेस्ट'. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी कॅनडात केलेला, जानेवारी 2018 मध्ये आलेला. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढीच गोष्ट. राजीपेक्षा तो कितीतरी पटींनी अवघड आहे. एकेका खोलीत दहा-वीस वेळा मरणं ही तिथे रोजची बाब. पण बहुतेक खोल्या एका चौकटीत बसतात. काटे, कडा, हलणारी फळी, सगळं उडी मारण्याआधी समोर असतं. मॅडलिनचे केस लाल असले तर हवेत झेप घ्यायची बाकी आहे. निळे झाले तर ती वापरून झाली. आकडे नाहीत, पट्ट्या नाहीत, नजर पात्रावरून हलवावी लागत नाही. मेलं की क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी परत.

आणि खाली एक लपवलेली जाळीही आहे. कड्यावरून पाय सुटल्यावर सेकंदाच्या बारीकशा अंशापर्यंत उडीचं बटण गेम मान्य करतो. डोकं कोपऱ्याला किंचित घासलं तर तो पात्राला हळूच बाजूला सरकवून वाट देतो. थॉर्सनने पुढे या सवलती जाहीरपणे उलगडून दाखवल्या. म्हणजे जगातल्या अवघड म्हणून गाजलेल्या गेमपैकी एक आतून आपल्या बाजूने थोडी लबाडी करत असतो. ज्याला तेवढ्यानेही जमत नाही त्याच्यासाठी मदतीची सोय उघड दिली आहे: गेमचा वेग कमी करा, दम संपू देऊ नका, हवं तर मरूच नका. त्याबद्दल तो कुणाला टोमणा मारत नाही. वाटेत स्ट्रॉबेऱ्या ठेवलेल्या असतात, त्या मिळवणं फार कठीण, आणि त्या मिळवून दोस्तांवर छाप पाडण्यापलीकडे काही होणार नाही हे गेमच सांगून टाकतो. इतका सरळपणा मला आवडला.

सेलेस्टमध्ये शेकडो वेळा पडूनही पुन्हा चढावंसं वाटतं, राजीत थोड्या पडझडीनंतर कंट्रोलर खाली ठेवावासा वाटतो. म्हणून घेऊ का विचारणाऱ्याला 'किती अवघड आहे' याचं उत्तर देऊन भागत नाही. पोरगं पडल्यावर काय म्हणतं ते ऐकावं. 'थांब, आता जमतंय' म्हणालं तर गेम चांगला आहे, मग कितीही अवघड असो. 'दिसलंच नाही', 'दाबलं होतं की' असं पुन्हा पुन्हा आलं तर दोष पोराचा नाही. आईबाप इथे हटकून गफलत करतात: चिडचिड ऐकली की दोन्हींना एकच समजतात आणि वायर उपसतात.

एवढं बोलूनही मी राजी खेळू नका म्हणणार नाही. उलट कड्यांवरची ती दिसत नसलेली कड सोसावी इतकं त्यात आहे. खांबाची गिरकी एकदा साधली की हाताला जी लय लागते ती दुसऱ्या कुठल्या देशी गेमने मला दिलेली नाही. भावासाठी निघालेली सर्कशीतली पोर आणि वरून तिच्यावर पैज लावल्यासारखे बोलणारे देव, ही जोडी मनात राहते. शेवट मात्र फसला आहे. गोष्ट संपत नाही, तुटते; शेवटच्या लढाईनंतर 'पुढे?' असं म्हणत माणूस पडद्याकडे बघत बसतो. कारण काहीही असो, खेळणाऱ्याला तो शेवट अपुराच वाटतो.

वेळेचाही हिशोब सांगायला हवा, कारण आमच्याकडे तोच खरा अडसर आहे. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी लागली की घरातल्या कुणालाच मान वर करायला उसंत नसते, आणि किर्लोस्करवाडीत पाळी करून आलेल्या माणसाला रात्री साठ-सत्तर तासांचा गेम सुरू करा म्हणणं चेष्टाच होईल. राजी पाच-सहा तासांत संपतो. दोन रविवार. सुधारित आवृत्ती घ्या, आवाज हिंदी ठेवा, कीबोर्डऐवजी कंट्रोलर वापरा, आणि लढाईला उतरल्यावर पहिल्यांदा खांब शोधा. तीस तासांचा असता तर नको म्हटलं असतं. आहे तेवढा खेळा.